तबकडीवरील धूळ व तिजवर घरगुती उपाय

नित्य हाताळण्यांतील वस्तु कशाची बनलेली आहे याचा विचार आपण क्वचितच करितों. कारण तो विचार आपल्याकरितां पूर्वजांनीं करून ठेविलेला असतो. तांब्याची घागर चिंचेनें घांसावी, परंतु कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यांत ताक ठेवूं नये. सुती धोतर दगडावर खुशाल आपटावें, परंतु पैठणीस पाण्यापासूनही जपावें. हें शहाणपण घरांतील वडीलधाऱ्यांस कोणीं शाळेंत शिकविलें नाहीं, तें त्यांस घरींच मिळालें. पण ज्या वस्तू यंत्रयुगानें आपल्या घरांत आणून ठेविल्या, त्यांच्याविषयीं असें शहाणपण अद्याप मुरलेलें नाहीं. गाण्याची तबकडी ही अशा वस्तूंपैकींच एक होय.

कॅसेटी आल्या, त्यांच्यामागून सीडी आल्या, आणि पुढें तर गाणें खिशांतल्या दूरध्वनींतच येऊन बसलें. तसतशा घरोघरच्या तबकड्या माळ्यावर, पलंगाखालीं, किंवा थेट भंगारवाल्याच्या गाडीवर गेल्या. गेल्या कांहीं वर्षांत मात्र वारा फिरला आहे. नव्या तबकड्या पुन्हां निघूं लागल्या आहेत, आणि आजोबांच्या पेट्या माळ्यावरून खालीं उतरूं लागल्या आहेत. अशी पेटी उघडून मोठ्या उत्साहानें एखादी तबकडी यंत्रावर चढवावी, तों गाण्याच्या आधीं कानीं पडतो तो तडतड असा आवाज. जणूं कढईंत मोहरी फुटत आहे! मग जो तो फडकें शोधूं लागतो, किंवा बाजारांतील महागड्या बाटलीची चौकशी करूं लागतो. अशा वेळीं घरच्या घरीं दहा मिनिटांत होणारें धुण्याचें पाणी कसें करावें, तें काय करितें व काय करीत नाहीं, आणि तें कोणत्या तबकडीस कदापि लावूं नये, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचा आमचा विचार आहे. यांतील शेवटची गोष्ट आम्ही मोल देऊन शिकलों आहों. ती हकीकत पुढें येईलच.

प्रथम तबकडी म्हणजे काय तें पाहूं. उजेडांत ती तिरपी धरिली असतां तिच्यावर अतिशय बारीक रेघा दिसतात. दिसावयास त्या अनेक वर्तुळांसारख्या असल्या तरी वस्तुतः ती एकच खांच असून, ती कांठापासून मध्याकडे गोलगोल आंत जात असते. जिला एल्. पी. म्हणतात त्या मोठ्या तबकडीची एक बाजू सुमारें २२ मिनिटें वाजते, व ती मिनिटास ३३ १/३ फेरे घेते. म्हणजे एका बाजूस सुमारें ७३३ फेरे झाले. मधल्या फेऱ्याची त्रिज्या सुमारें १० सेंटीमीटर धरिली तर एका फेऱ्याची लांबी सुमारें ६३ सेंटीमीटर भरते. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा; एका बाजूवरील खांच उलगडून सरळ अंथरली असतां ती जवळजवळ ४६० मीटर भरेल असें त्यांस आढळून येईल. एवढी लांब ही वाट, परंतु तिची रुंदी मात्र मिलिमीटराच्या विसाव्या भागाच्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्याच्या केंसाच्या जाडीएवढीच असते. या वाटेच्या दोन्हीं भिंतींवरील सूक्ष्म चढउतार हेंच गाणें होय. हिऱ्याची सुई त्या वाटेनें चालते व चढउतारांबरोबर थरथरते. त्या थरथरीपासून वीज व विजेपासून ध्वनि उत्पन्न होतो. वाटेंत धुळीचा कण आडवा आला तर सुई त्यामुळेंही थरथरते. गाणें कोणतें व धूळ कोणती हें बिचाऱ्या सुईस कळत नाहीं.

धुळीनें केवळ आवाज बिघडतो असें नव्हे. सुईचा भार अवघा दीड-दोन ग्रॅम असतो. परंतु तो इतक्या सूक्ष्म टोंकावर एकवटलेला असतो कीं, तेथील दाब अतिशय मोठा होतो. त्या दाबाखालीं वाळूचा कण सांपडला म्हणजे तो खांचेच्या भिंतीस ओरखडा पाडतो, आणि तो ओरखडा मग कोणत्याही पाण्यानें धुतला जात नाहीं. म्हणून आधीं स्वच्छता व मागाहून गाणें, हा क्रम पाळावा.

आतां ही धूळ तबकडीसच इतकी कां चिकटते? लांकडी मेजावरील धूळ फुंकर मारली कीं उडून जाते. तबकडीवरील धूळ मात्र उडून पुन्हां तेथेंच येऊन बसते. याचें कारण घर्षणविद्युत्. एल्. पी. तबकडी व्हायनिल नामक प्लॅस्टिकची केलेली असते. पाण्याच्या पी. व्ही. सी. नळ्या ज्या कुळांतल्या त्याच कुळांतलें हें द्रव्य असून तें विजेचें उत्तम निरोधक आहे. कागदी पाकिटांतून तबकडी ओढून काढली, किंवा कोरड्या फडक्यानें ती खसाखसा पुसली, म्हणजे घर्षणानें तिच्यावर ऋण विद्युद्भार जमतो. तांब्याच्या पत्र्यावर असा भार जमला तर हाताचा स्पर्श होतांच तो वाहून जाईल. परंतु निरोधकावरील भारास वाट सांपडत नाहीं, व तो तेथेंच दीर्घ काळ बसून राहतो. हवेंतील धुळीचे कण व कापसाचे तंतु यांस तोच आपल्याकडे ओढून घेतो. कोरड्या फडक्यानें पुसणारा मनुष्य एका हातानें धूळ काढितो व दुसऱ्या हातानें तिला आमंत्रण देतो, असें म्हटलें तरी चालेल.

हें केवळ आमच्या शब्दावर मानूं नका. प्रयोग करून पाहा. टीपकागदाचे अगदीं बारीक तुकडे मेजावर पसरा. एखादी निरुपयोगी झालेली एल्. पी. तबकडी लोंकरी कापडानें वीसएक वेळां घांसून त्या तुकड्यांवर दोन बोटांच्या अंतरावर धरा. तुकडे टपाटप उडून तिला चिकटतील. नंतर तीच तबकडी ओल्या फडक्यानें पुसून, वाऱ्यावर वाळवून पुन्हां धरा. बहुतेक तुकडे जागचे हलणार नाहींत. हाच प्रयोग एकदां पौषांत व एकदां आषाढांत करून दोन्हीं वेळीं किती तुकडे चिकटले तें वहींत टिपून ठेवावें. दमट हवेंत तबकडीच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा अदृश्य पापुद्रा जमतो व विद्युद्भार त्यावरून हळूहळू निसटून जातो. कोरड्या हवेंत ही सोय नसते. हवेंतील सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खालीं गेली म्हणजे हा त्रास विशेष जाणवतो. म्हणूनच पुणें, नाशिक, नागपूर इकडील मंडळींस कोरड्या दिवसांत धूळ छळते, तर मुंबईंतील व कोंकणांतील मंडळींस पावसाळ्यांत बुरशी छळते.

आतां धुण्याच्या पाण्याकडे वळूं. त्यांत तीनच पदार्थ लागतात, आणि प्रत्येकाचें काम निराळें आहे.

पहिला पदार्थ ऊर्ध्वपातित पाणी. दुकानांत हें डिस्टिल्ड वॉटर म्हणून मिळतें. नळाचें, आणि विशेषतः विहिरीचें किंवा कूपनलिकेचें पाणी येथें उपयोगी नाहीं. कारण त्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशीं जो पांढरा थर सांचतो, तोच थर पाणी वाळल्यावर खांचेच्या तळाशीं बसेल. म्हणजे धूळ काढून तेथें चुना भरल्यासारखें होईल.

दुसरा पदार्थ आयसोप्रोपिल मद्यार्क. हा औषधांच्या दुकानांत, किंवा विजेचीं उपकरणें दुरुस्त करणारे सामान घेतात त्या दुकानांत मिळतो. बोटांचे तेलकट ठसे, फोडणीच्या धुराचा चिकटपणा, उदबत्तीचें राळेसारखें किटण, हे सर्व मळ नुसत्या पाण्यास दाद देत नाहींत, मद्यार्कास देतात. शिवाय मद्यार्कामुळें पाणी अधिक सहज पसरतें व लवकर वाळतें.

तिसरा पदार्थ पाणी पसरविणारा. अळवाच्या पानावर पाणी जसें थेंब थेंब होऊन घरंगळतें, तसेंच तें व्हायनिलवरही गोळा होऊन बसतें. याचें कारण पाण्याचा पृष्ठताण. जें पाणी खांचेंत शिरलेंच नाहीं तें खांचेंतील मळ कसा काढणार? छायाचित्रांच्या फिल्मा धुणारे लोक फिल्मवर डाग राहूं नयेत म्हणून शेवटच्या पाण्यांत एक द्रव्य घालतात. कोडॅकचें फोटो-फ्लो किंवा इल्फर्डचें इल्फोटॉल हीं तीं द्रव्यें होत. त्यांपैकीं कोणतेंही चालेल. तें न मिळाल्यास भांडीं घांसण्याच्या रंगहीन द्रवसाबणाचा एकच थेंब घ्यावा. परंतु त्यांत सुगंध, क्षार वगैरे भेसळ असल्यामुळें मागाहून स्वच्छ पाण्यानें तबकडी खंगाळण्यास चुकूं नये.

प्रमाण असें आहे. पाव लिटर पाणी तयार करावयाचें असेल तर ऊर्ध्वपातित पाणी २०० मिलिलिटर, ९९ टक्के शुद्ध मद्यार्क ५० मिलिलिटर, आणि तिसऱ्या द्रव्याचे ३ किंवा ४ थेंब. मद्यार्क ७० टक्क्यांचा मिळाल्यास तो ७० मिलिलिटर व पाणी १८० मिलिलिटर घ्यावें. कारण ७० मिलिलिटरांत शुद्ध मद्यार्क ४९ मिलिलिटर असून बाकीचें पाणीच असतें. थेंब मोजून घालावे. थोडें अधिक घातलें तर अधिक स्वच्छ होईल, हा हिशेब येथें लागू पडत नाहीं. बाटली जोरानें हलवूं नये, फेंस होतो. दोनचार वेळां हळूच उलटीसुलटी करावी म्हणजे पुरे.

येथें पालकांस एक विनंती आहे. मद्यार्क हा रॉकेलाहूनही लवकर पेट घेणारा पदार्थ आहे. तेव्हां हें मिश्रण चुलीपासून, देवघरांतील निरांजनापासून व उदबत्तीपासून दूर, उघड्या खिडकीपाशीं, आणि मोठ्या माणसांच्या देखत करावें. बाटलीवर ‘तबकड्या धुण्याचें पाणी; पिऊं नये’ अशी चिठ्ठी ठळक अक्षरांत लावावी, व ती लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवावी.

आतां धुण्याची रीत. मेजावर स्वच्छ, धुतलेला पंचा अंथरून त्यावर तबकडी ठेवावी. वरची सुटी धूळ आधीं मऊ कुंचल्यानें अलगद काढून टाकावी; नाहींतर तीच धूळ फडक्याखालीं सांपडून ओरखडे पाडील. मधोमध असलेली कागदी चकती ओली होऊं देऊं नये. बिनधाग्याच्या मऊ कापडाची घडी किंवा मखमलीची गादी मिश्रणांत भिजवून, खांचा ज्या दिशेनें गेल्या आहेत त्याच दिशेनें, गोल व हलक्या हातानें फिरवावी. खांचांवरून आडवें घांसूं नये. केंस विंचरतांना आपण केंसांच्या वळणानें जातों तसेंच हें. मळ भिजावयास अर्धा मिनिट द्यावा, व पुन्हां एकदां गादी फिरवावी. मग दुसऱ्या फडक्यानें नुसतें ऊर्ध्वपातित पाणी लावून पुसून घ्यावें. हें खंगाळणें दोन वेळां करावें. शेवटीं तबकडी बश्यांच्या घोडीवर कांठाच्या आधारानें उभी ठेवून सावलींत वाळूं द्यावी. उन्हांत किंवा केंस वाळविण्याच्या यंत्रापुढें धरिल्यास ती वांकडी होईल. पूर्ण वाळल्यावांचून वाजवूं नये, आणि धुतलेली तबकडी जुन्या मळकट पाकिटांत पुन्हां घालूं नये.

या पाण्यानें घर्षणविद्युत् खरोखर जाते काय, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतील. त्याचें उत्तर सरळ दिलें पाहिजे. तबकडी ओली असेपर्यंत तिच्यावरील भार पाण्यावाटे निघून जातो, हें निश्चित. वाळल्यावर मात्र तिचें पृष्ठ पुन्हां पूर्वींसारखेंच निरोधक होतें. पुन्हां घर्षण झालें तर पुन्हां भार जमेल. पाणी पसरविणाऱ्या द्रव्याचा अंश तबकडीवर मागें राहिला तर तो हवेंतील ओलावा धरून ठेवितो व भारास वाट देतो, हें खरें. बाजारांत मिळणाऱ्या कित्येक विद्युत्-नाशक द्रवांचें रहस्य हेंच आहे. परंतु हाच अंश अधिक झाला तर तो सुईच्या टोंकावर लगद्यासारखा जमतो व गाणें घोगरें करितो. म्हणून थोडें तेंच बरें. इंग्लंडांत सेसिल वॉट्स नांवाच्या गृहस्थांनीं १९५० च्या दशकांत ‘डस्ट बग’ नामक एक साधन प्रचारांत आणिलें. सुईच्या पुढें पुढें चालणारा तो एक लहानसा कुंचला व मखमली रूळ होता, आणि त्या रुळास विद्युत्-नाशक द्रवाचा केवळ ओलसरपणा द्यावयाचा असे. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या विख्यात ग्रंथसंग्रहालयाची पद्धत तर मद्यार्क वगळून, शुद्ध पाण्यांत टर्जिटॉल नामक द्रव्याचा अत्यल्प अंश घालण्याची आहे. ज्यांस मद्यार्क हाताळणें नको असेल त्यांनीं आमच्या प्रमाणांतून तो खुशाल गाळावा. मळ निघावयास वेळ अधिक लागेल, इतकेंच.

आतां आमची हकीकत सांगतों. आमच्या आजोळीं एक लांकडी पेटी होती. तिच्या वरच्या थरांत पाकिटांत घातलेल्या एल्. पी. तबकड्या होत्या, आणि तळाशीं तपकिरी कागदांत गुंडाळलेल्या दहा इंची, जाड व जड अशा कांहीं जुन्या तबकड्या होत्या. त्यांतली एक नाट्यगीताची असून ती आजीस तिच्या लग्नांत आहेरांत मिळाली होती. दिवाळीच्या पहिल्या दिवशीं पहांटे, अभ्यंगस्नान चाललें असतां, आजोबा ती चावीच्या ग्रामोफोनवर लावीत. त्या गाण्यावांचून त्या घरीं दिवाळी सुरू झाली असें कोणी मानीत नसे. कांहीं वर्षांपूर्वीं एका सुटींत ती पेटी आम्हीं उघडिली. धुण्याचें पाणी तेव्हां आम्ही नुकतेच करावयास शिकलों होतों, आणि आमचें प्रमाणही हावरें होतें, निम्मा मद्यार्क! एकामागून एक सहा एल्. पी. तबकड्या आम्हीं धुतल्या व त्या नव्यासारख्या चमकूं लागल्या. घरच्यांनीं शाबासकी दिली. त्याच भरांत सातवी म्हणून जी हातीं आली ती आजीची तबकडी होती.

गादी फिरवितांच ती काळी झाली. आम्हांस वाटलें, केवढा हा वर्षांनुवर्षांचा मळ! म्हणून आम्हीं आणखी पाणी ओतून आणखी जोरानें पुसलें. दुसरें फडकेंही काळें झालें, व तिसरेंही. तो मळ नव्हता. ती तबकडीच विरघळून फडक्यावर येत होती. वाळल्यावर तिची चकाकी साफ गेलेली दिसली. वाजवून पाहिली तेव्हां मुसळधार पावसांत फार दूरवर कोणी गात असावें, तसा कांहींसा आवाज आला. शब्द एकही कळेना. आजी स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन उभी राहिली. तिनें तें शेवटपर्यंत ऐकून घेतलें. मग ती इतकेंच म्हणाली, “अरे, पुसायच्या आधीं ती कशाची आहे, हें तरी विचारायचें होतेंस.” त्या गाण्याची दुसरी प्रत आम्ही तेव्हांपासून शोधीत आहों. अद्याप ती मिळालेली नाहीं.

ती तबकडी लाखेची होती. एमिल बर्लिनर यांनीं चपट्या तबकडीचा ग्रामोफोन १८८७ मध्यें पुढें आणिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत तबकड्यांसाठीं लाखेचा उपयोग सुरू झाला, आणि पुढें अर्धें शतक जगभर तीच पद्धत चालली. ही लाख मुख्यत्वें आपल्याच देशांतून जाई. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर एक अतिसूक्ष्म कीटक राहतो व आपल्या अंगाभोंवतीं राळेचें कवच करितो. तेंच खरवडून, वितळवून, गाळून चपडा लाख तयार होते. आजही झारखंड व छत्तीसगड येथील रानांत, आणि आपल्या महाराष्ट्रांत गोंदिया-गडचिरोलीकडे लाखेचें उत्पन्न निघतें. या लाखेंत दगडाची बारीक पूड, काजळी व तंतु मिसळून, तापवून, दाबून तबकडी काढीत. लाख पाण्यांत विरघळत नाहीं, मद्यार्कांत मात्र विरघळते. आणि ही गोष्ट आमच्या गांवच्या प्रत्येक सुतारास ठाऊक होती, कारण चपडा स्पिरिटमध्यें विरघळवूनच तो पॉलिश करितो! तें पॉलिश आम्हीं लहानपणीं शंभर वेळां पाहिलें होतें. परंतु सुताराच्या दुकानांतील ज्ञान तबकडीपाशीं आम्हांस आठवलें नाहीं.

व्हायनिलची एल्. पी. तबकडी अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें १९४८ मध्यें बाजारांत आणिली. म्हणजे त्यापूर्वींच्या आपल्याकडील तबकड्या, मग त्या बालगंधर्वांच्या असोत कीं अब्दुल करीमखाँसाहेबांच्या असोत, लाखेच्याच. एल्. पी. आल्यावरही लाखेच्या तबकड्या लगेच बंद झाल्या नाहींत. भारतांत १९६० च्या दशकांतही त्या निघत होत्या. तेव्हां ‘फार जुनी नाहीं, म्हणजे व्हायनिलचीच असेल,’ असा तर्क कोणीं करूं नये.

दोहोंतील भेद ओळखणें कठीण नाहीं. लाखेची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेते, व तो आंकडा पुष्कळदां मधल्या चकतीवर छापलेला असतो. दहा इंची तबकडीची एक बाजू अवघी तीन मिनिटें वाजते. तेवढ्यांतच गवयास आपलें गाणें आटोपावें लागे. ती हातास जड व ताठ लागते, तिच्या खांचा डोळ्यांस सहज दिसतात, आणि पडली तर ती कौलासारखी फुटते. व्हायनिलची तबकडी हलकी असून किंचित लवते. शंका राहिली तर तबकडी लाखेची आहे असेंच समजून वागावें, आणि खात्री करण्याकरितां मद्यार्काचा थेंब टाकून पाहण्याचा मोह आंवरावा. पूर्वीं घरीं किंवा स्टुडिओंत धातूच्या पत्र्यावर रोगणाचा लेप देऊन त्यांत ध्वनि कोरीत. तशा एकुलत्या एक तबकड्या कोणाकडे असतील तर त्यांस घरीं कांहींच न लावितां जाणत्या माणसास दाखवाव्या.

लाखेची तबकडी धुवावयाची असेल तर मद्यार्काचा थेंबही न घेतां, पाव लिटर ऊर्ध्वपातित पाण्यांत पाणी पसरविणाऱ्या द्रव्याचे एक-दोन थेंब घालून तें घ्यावें. फडकें नुसतें ओलसर असावें. तबकडी पाण्यांत बुडवून ठेवूं नये, कारण तिच्यांतील पूड व तंतु ओलावा शोषून फुगतात. काम चटकन आटोपून लगेच कोरड्या मऊ कापडानें टिपून घ्यावें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चावीच्या ग्रामोफोनचें जड डोकें व पोलादी सुई लाखेसाठींच असते, तिच्याखालीं एल्. पी. ठेवली तर एकदां वाजवितांच तिची खांच नांगरल्यासारखी होईल.

पावसाळ्यांत ज्यांच्या तबकड्यांवर पांढरी बुरशी धरते त्यांनीं ती घराबाहेर, नाकास फडकें बांधून, कोरड्या कुंचल्यानें आधीं झाडावी. मग ज्या तबकडीस जें पाणी योग्य तें लावावें. तबकड्या एकावर एक रचून ठेवूं नयेत. पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या. त्या दमट भिंतीस टेंकूं देऊं नयेत, व ऊन पडणाऱ्या खिडकीपाशीं ठेवूं नयेत. हाताळतांना बोटें कांठास व मधल्या चकतीसच लागावीं.

आमच्याकडे जे उपाय कोणी ना कोणी आवर्जून सुचवितात, त्यांच्याविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. खोबरेल तेलानें तबकडी चकाकते, पण दुसऱ्या दिवशीं त्या तेलावर घरांतील सर्व धूळ येऊन बसते. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवांत बहुधा ग्लिसरीन व सुगंध असतो. त्याचा चिकट थर खांचेंत राहतो. रॉकेल व रंग पातळ करण्याचा थिनर यांचें नांवही काढूं नये. थिनर तर व्हायनिलसच खातो. चष्मा पुसावयाची बाटली चष्म्यासाठींच असूं द्यावी.

इतकें वाचून कोणी म्हणेल कीं, हें सर्व गाणें आतां दूरध्वनीवर फुकट मिळत असतां एवढा खटाटोप कशाला? पुष्कळ मिळतें, हें खरें. परंतु सर्व मिळत नाहीं. कित्येक तबकड्यांच्या प्रती आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या असतील, आणि त्यांतली एखादी आपल्याच माळ्यावर नसेलच असें कोणी सांगावें? म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें: पाणी करावयास घेण्यापूर्वीं पेटींतील प्रत्येक तबकडीची वहींत नोंद करा. मधल्या चकतीवरील गायकाचें नांव, गाण्याचें नांव, कंपनी, क्रमांक व फेऱ्यांचा आंकडा उतरून घ्या, आणि शेवटच्या रकान्यांत ती लाखेची कीं व्हायनिलची हें लिहा. या कामीं आजीआजोबांस जवळ बसवून घ्या. कोणती तबकडी कधीं घेतली व ती कोण लावीत असे, हें तेच सांगूं शकतील, आणि तें कोणत्याही चकतीवर छापलेलें नसतें. एवढें झाल्यावर बाटलीचें बूच उघडा. आम्हीं हा क्रम उलट केला, आणि त्यामुळें आमच्या आजोळीं दिवाळीच्या पहांटे तें गाणें पुन्हां कधीं लागलें नाहीं.